पाया म्हणजे मटण नव्हे

आखाड लागला की आमच्या कासारवाडीत मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. मला ती गॅलरीतून दिसते. कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाच्या हातात कापडी पिशवी, आणि श्रावण उद्याच येऊन दुकानाला कुलूप घालणार आहे अशी सगळ्यांच्या तोंडावर घाई. परवाच्या रविवारी माझा मुलगा वसंता त्या रांगेत नव्हता. तो आत पलंगावर, उशीवर पाय ठेवून पडला होता. उजव्या पायाचा अंगठा लालभडक आणि तुकतुकीत. सुनेनं पंखा लावला तर म्हणाला, "बंद कर, वारासुद्धा लागतोय."

मी तो अंगठा बघितला. तो अंगठा मी ओळखते. डॉक्टर काय म्हणाले, मी विचारलं.

"काही नाही गं. मटण बंद."

"आणि पाया?"

त्यानं पायाखालची उशी सारखी केली.

"कलेजी? वजडी? सुकट?"

"आई, तू कोर्टात असायला पाहिजे होतीस," तो म्हणाला. साहेब निवृत्त झाले, नातवंडांचे आजोबा झाले, पण अडचणीचा प्रश्न आला की आईची चेष्टा करून सुटायचं हे काही सुटलं नाही. मी कोर्टात कशाला जाऊ? हे चार प्रश्न मला एका पावसाळ्यानं शिकवले. त्या पावसाळ्यात चूक माझ्या हातून, माझ्याच हातच्या वाटीतून होत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. साल नेमकं सांगता यायचं नाही, पण माझ्या लग्नाला दुसरं वर्ष होतं. चाकणच्या बाजूच्या आमच्या गावातून आम्ही तिघं कासारवाडीत राहायला आलो होतो. हे, मी आणि माझ्या सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. रेल्वेलाइनीच्या दोन्ही अंगांना तेव्हा बाजरीची शेतं होती आणि त्या शेतांत मधूनच नव्या कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. ह्यांना त्यातल्या एका कंपनीत तात्पुरतं काम मिळालं होतं. यंत्रावर आठ तास उभं राहायचं. काम चांगलं असलं आणि डॉक्टरनं पास केलं की कायम करणार. गावाकडे होती ती शेती तीन भावांत वाटलेली, तिच्यात आमचं भागणार नव्हतं. म्हणजे कायम झालो तर कासारवाडी, नाही तर भांडी पोत्यात भरून परत. मधलं काही नव्हतं.

गावात आम्ही मटण वर्षातून चार-पाच वेळा खायचो. जत्रा, आखाड, दसरा, एखादं लग्न उरकल्यावरचं तिखट जेवण, संपलं. कासारवाडीत खाटकाचं दुकान हाकेच्या अंतरावर आणि हातात दर महिन्याचा पगार. रविवारी मटण आलं, मग बुधवारही आला. "कंपनीत मेहनतीचं काम हाय, ताकद नको व्हय?" असं आत्याबाई म्हणायच्या. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं. पाट्यावर खोबरं-कांदा वाटताना त्याचा वास चाळभर जायचा आणि शेजारणींना कळायचं, ह्यांचं बरं चाललंय.

शिवाय आमच्या घराला एक मान होता. गावच्या जत्रेत बोकड पडला की मुंडी आणि पाये आमच्या घरी यायचे. तो मान पिढ्यांचा. त्यामुळे पायाच्या रश्शावर आत्याबाईंचा जो विश्वास होता तो देवावरही नसेल. हाड मोडलं, पाया. बाळंतीण झाली, पाया. गुडघा धरला, पाया. माझे सासरे शेवटची सहा वर्षं पाय ओढत चालले. त्यांच्या अंगठ्याला ठणका लागला की वर मांडवाला हात देऊन उभे राहायचे. आत्याबाईंनी त्यांची सेवा केली तिची गावात अजून आठवण काढतात. मी घरात आले तेव्हा ते नव्हते.

आणि त्या आखाडात ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला.

नेमकं डॉक्टरकडे जायच्या दोन दिवस आधी. कंपनीत यंत्रावर उभं राहायचं तर चामड्याचे जाड बूट घालावे लागत, पायावर लोखंड पडलं तर म्हणून. डॉक्टरची तपासणी झाली, छाती बघितली, डोळे बघितले, सगळं ठीक. मग म्हणे, बूट घाला आणि त्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन या. डावा बूट गेला. उजवा जाईना. ह्यांनी दात-ओठ खाऊन रेटला तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं कागदावर नापास असं लिहिलं नाही, कागद बाजूला ठेवला. "याला गाऊट म्हणतात," तो म्हणाला. "रक्तात एक आम्ल साठतं आणि सांध्यात जाऊन बसतं. मटण बंद करा. भाकरी, भाजी, दूध, ताक, पाणी भरपूर. दसरा झाला की या. तेव्हा बूट गेला पाहिजे, नाहीतर माझा इलाज नाही."

घरी येऊन ह्यांनी एवढंच सांगितलं, "मटण बंद म्हनलाय."

आत्याबाईंनी हात जोडले. "बंद म्हंजी बंद. आजपास्नं घरात मटनाची फोड यायची न्हाई."

आणि त्याच दिवशी त्यांनी खाटकाकडून चार पाये आणवले.

आता शहाण्या माणसाला हे वेडेपण वाटेल. आम्हाला वाटलं नाही. आमच्याकडे मटण म्हणजे बोकडाच्या फोडी, तराजूत घालून घेतात त्या. पाया म्हणजे पाया. मुंडी म्हणजे मुंडी. वजडीला कुणी मटण म्हटलं असतं तर गावात हसू झालं असतं. कोंबडी ही कोंबडी, आणि सुकट तर नुसतं तोंडी लावणं. डॉक्टरनं जे बंद केलं ते आम्ही इमानानं बंद केलं. आणि पाय दुखतोय म्हणून औषध चालू केलं.

रोज पहाटे आत्याबाई मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर तपेली ठेवत. आदल्या दिवशी निखाऱ्यांवर पाये भाजलेले असत. जळक्या केसांचा तो वास माझ्या नाकातून अजून जात नाही. रस्सा दाट झाला की ओठाला ओठ चिकटायचा. वाटी भरून मीच ह्यांच्या हातात द्यायची, वरून म्हणायची, "सगळं प्यायचं हं." लहान पोराला म्हणतात तसं. हे मुकाट प्यायचे.

मग बुटाची वेळ. कंपनीनं दिलेले बूट खुंटीला टांगलेले असत. हे उंबऱ्यावर बसून उजवा बूट चढवायला बघत आणि मी आत भाकरी थापता थापता थांबायची. बूट गेला तर टाच शहाबादी फरशीवर आपटून आवाज येणार, टक्. नाही गेला तर काहीच नाही. पूर्ण आखाडभर काहीच नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी मी कान लावून उभी. मग ह्यांचा हळू आवाज यायचा, "न्हाई गेला." आणि ते वहाणा घालून लंगडत पाळीला जायचे. मुकादम रोज बघत होता. तात्पुरत्या माणसाला काढायला कागदही लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी तेव्हाची अवस्था सांगते. मला देवाचा राग यायचा. एवढं पथ्य पाळतोय, एवढं औषध चाललंय, आणखी काय करू?

दिव्याची अवस झाली आणि श्रावण लागला. आत्याबाई श्रावण कडक पाळत. अंगणातली तपेली राखेनं घासून माळ्यावर गेली. "ह्या म्हैन्यात औषद बी नगं. म्हादेव हाय, त्यो बघंल."

आणि त्या महिन्यात मी स्वयंपाक शिकले. हसू नका. तोवर मला मटणाचा रस्सा येत होता आणि इतर वेळी पिठलं. बाकी भाज्या म्हणजे मटण नसलेल्या दिवशीची शिक्षा. आता रोज शिक्षा म्हटल्यावर मला डोकं चालवणं भाग पडलं. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, घोसाळ्याची भजी, ताकातला चाकवत, शेपूत मुगाची डाळ, भोपळ्याचे घारगे. शेतकऱ्यांच्या बायका पाट्या घेऊन दारावर यायच्या, त्यांना विचार विचारून मी करायची. अंबाडीला कण्या लावायच्या हे मला चिखलीच्या एका भाजीवालीनं शिकवलं. ताक तर इतकं लागायचं की गवळी म्हणाला, वहिनी, पाहुणे आलेत काय?

घर हलकं झालं होतं. दुसरा शब्द नाही मला सुचत. पूर्वी रविवारी जेवलं की आम्ही तिघंही जनावर गिळलेल्या अजगरासारखी पडायचो, उठलं की तोंड आंबट, डोकं जड. श्रावणातल्या रविवारी हे जेवून उठले आणि चक्क खिडकीचं दार दुरुस्त करायला बसले. मला पेपर वाचून दाखव म्हणाले. मी सातवी शिकलेली, ते चौथी. त्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायकोसारखी बोललो, एरवी आमचं बोलणं म्हणजे मीठ आणि मसाला.

आणि श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आवाज आला. टक्.

माझ्या हातातून पीठ पडलं. आत्याबाई देवापुढे होत्या, तिथूनच ओरडल्या, "म्हादेवा, पावलास रं!" हे उठून खोलीतल्या खोलीत पाच-सहा येरझाऱ्या घालून आले. टक्, टक्, टक्. मी आयुष्यात गाणी पुष्कळ ऐकली, पण तसलं एकही नाही.

गौरी-गणपती झाले. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात तपेली परत आली. "आता पाय बरा हाय तवर त्यात जोर भरूद्या," आत्याबाई म्हणाल्या. मी वाटी नेली. सगळं प्यायचं हं.

पाचव्या सकाळी आवाज आला नाही.

मी बाहेर येऊन बघितलं. हे हातात बूट धरून बसले होते आणि अंगठा परत लाल. "न्हाई गेला," ते म्हणाले. कायम व्हायला आता महिनासुद्धा नव्हता. मी रिकामी वाटी उचलली. तळाशी रस्सा थिजून त्याची साय झाली होती, बोट लावलं तर बोटाला चिकटली. आणि मी तशीच उभी राहिले. आखाडात पाया होता, बूट जात नव्हता. श्रावणात नव्हता, गेला. आता परत आहे, परत नाही. एवढा साधा हिशेब आणि मला तीन महिने दिसला नव्हता.

पण दिसून उपयोग काय? हे आत्याबाईंना सांगायचं कुणी? ज्या बाईनं सहा वर्षं नवऱ्याला पाया पाजला तिला दोन वर्षांची सून जाऊन सांगणार, तुमचं औषध विष आहे? आणि माझंच चुकत असलं तर?

दळण आणायला जाते म्हणून मी डबा घेऊन निघाले आणि गिरणीवरून पुढे, रेल्वेलाइनीच्या कडेनं, पिंपरीकडे दवाखान्यात चालत गेले. एकटी बाई परपुरुषाला नवऱ्याच्या जेवणाबद्दल विचारायला निघाली, कुणी बघितलं असतं तर गावापर्यंत बातमी गेली असती. छत्री मी पावसासाठी कमी आणि तोंड झाकायला जास्त धरली होती.

"मटण बंद आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"अगदी बंद. फोडसुद्धा नाही. फक्त रोज सकाळी पाया."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाया म्हणजे?"

मी सांगितलं. त्या माणसानं जन्मात अंडंही शिवलं नव्हतं. त्याच्या लेखी जे भाजी-भाकरी नव्हतं ते सगळं मटण. एका शब्दाचे दोन अर्थ, एक त्याच्याकडे आणि एक आमच्याकडे, आणि मध्ये माझ्या नवऱ्याचा पाय.

"अहो बाई, पाया तर बिलकूल नको! आणखी काय खातात? सांगा, मी लिहून देतो."

मग मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मुंडी. कलेजी. वजडी. "व-ज-डी? ते काय असतं?" बोकडाचं पोट आणि आतडी, मी सांगितलं तसं त्यांनी नाकाला रुमाल लावला, पण लिहिलं. खिमा. सुकट. बोंबील. कोंबडी. कागद भरत आला तेव्हा ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं." एवढ्या शिकलेल्या माणसानं माझ्यासारखीपुढे असं म्हटलं हे मी विसरले नाही.

घरी आले तेव्हा आत्याबाई अंगणात निखाऱ्यांवर पाये धरून बसल्या होत्या, उद्यासाठी. जळक्या केसांचा धूर. मी दळणाचा रिकामा डबा ठेवला आणि उभ्या उभ्या कागद वाचला. पाया म्हटल्यावर त्यांच्या हातातला चिमटा थांबला.

"कोन म्हनतं?"

"डॉक्टर."

"त्यानं कंदी खाल्लाय पाया?"

"नाही."

"मंग त्याला काय ठावं?"

मी फक्त म्हणाले, "आत्याबाई, श्रावणात बूट जात होता."

त्यांनी चिमट्यानं निखारे उगाच इकडचे तिकडे केले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माझ्यापेक्षा हिशेब लवकर यायचा. मला वाटलं आता त्या भडकतील, माझ्या माहेराचा उद्धार होईल. त्याची मी तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या ते भलतंच.

"तुज्या सासऱ्याला म्या सा वर्सं पाजला. शेवटाला दोन्ही येळा. त्यांस्नी नगं व्हायचा तरी."

मग त्यांनी तांब्या घेतला आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. वाफेत त्यांचं तोंड मला दिसेना.

मी त्यांच्याजवळ जायला पाहिजे होतं. गेले नाही. तेव्हा सुना सासवांना शिवत नसत, आणि मला भीतीही वाटली. त्याचं मला आज वाईट वाटतं.

पुढचं सांगायला फार नाही. नवरात्राचे नऊ दिवस सरले, दसऱ्याला गावाहून मानाची मुंडी आणि पाये घेऊन माणूस आला. आत्याबाईंनी उंबऱ्यातच कपाळाला हात लावून मान घेतला आणि त्याच पावली शेजारी देऊन टाकला. तिसऱ्या दिवशी हे तपासणीला गेले. मी दारात बसून होते. दुपारी आले ते बूट घालूनच, चिखलानं बरबटलेले, आणि मी कुरकुर न करता तसेच आत येऊ दिले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत दोनदा चालवलं म्हणाले. सही करताना डॉक्टरनं विचारलं, "पाया?" आणि हे म्हणाले, "न्हाई साहेब. वजडी बी न्हाई."

आम्ही काही माळकरी झालो नाही, कुणी तसं समजू नये. गावात होतं तसं केलं, वर्षाचे चार सण, तेही ह्यांच्या ताटात चवीपुरतं. मटण सणाचं राहिलं तेव्हा त्याला चवही सणाची आली. हे ऐंशी ओलांडून गेले, आणि शेवटपर्यंत वहाणा स्वतः घालत होते. पोरांची पिढी पगार वाढला तशी परत रविवार-बुधवारावर आली. आणि परवा वसंताचा अंगठा. तो म्हणतो, आई, पाया काही मटण नाही गं, ते सूप आहे. आता नवीन नाव आलंय एवढंच.

पण त्या मोसमातलं मला बुटापेक्षा जास्त आठवतं ते दसऱ्याच्या आधीचं, पितृपंधरवड्यातलं. सासऱ्यांचा म्हाळ होता. म्हाळाच्या पानावर आमच्याकडे खीर, वडे, भाज्या आणि दरवर्षी एक वाटी पायाचा रस्सा असायचा. म्हाळाला वशट कोण ठेवतं, म्हणून भाऊबंद नावं ठेवायचे. आत्याबाई ऐकायच्या नाहीत. "त्यांचं औषद हाय ते," म्हणायच्या, "तितं कोन देनार त्यांस्नी?"

त्या वर्षी मी पान वाढलं. खीर झाली, वडे झाले. वाटीची जागा मोकळी होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातून वाटी घेतली, स्वतः मडक्यातलं ताक ओतलं, चिमूटभर मीठ घातलं, आणि पानाच्या उजव्या अंगाला ठेवली. मग पदर डोक्यावरून पुढे ओढून त्या पानापुढे वाकल्या. मी मागे उभी आहे हे त्या विसरल्या असाव्यात.

"अवो," त्या म्हणाल्या, "ह्या खेपेला ताक हाय. प्या. मला ठावं न्हवतं वो."